व्हॅरम पर्सी

व्हॅरम पर्सी हे इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायर परगण्यातील एक ओसाड झालेले मध्ययुगीन खेडे आहे. सुमारे सहाशे वर्षे नांदते असलेले हे गाव इ.स. १५००च्या सुमारास पूर्णपणे निर्मनुष्य झाले. आज येथे छप्पर नसलेले एक चर्च, एक तळे आणि गवताखाली दडलेल्या घरांचे उंचवटे एवढेच दिसते. इंग्लंडमध्ये अशी सुमारे ३,००० ओसाड गावे ज्ञात आहेत. मात्र १९५० ते १९९० अशी सलग चाळीस वर्षे उत्खनन झालेले व्हॅरम पर्सी हे त्यांतील सर्वाधिक अभ्यासले गेलेले गाव होय. राजे, सरदार आणि मठ यांच्या इतिहासात ज्याची नोंद क्वचितच आढळते, त्या सामान्य शेतकऱ्याचे जीवन समजून घेण्याचे एक प्रमुख साधन म्हणून या स्थळाकडे पाहिले जाते.

ज्या गावात वस्ती उरलेली नाही त्याला मराठी महसुली दप्तरात 'बेचिराख' गाव म्हणतात. ज्याच्या घरांत दिवा लागत नाही ते गाव, असा या शब्दाचा मूळ अर्थ. व्हॅरम पर्सीला हे वर्णन नेमके लागू पडते. परंतु तेथला शेवटचा दिवा कोणी व का मालवला, याचे उत्तर अभ्यासकांना एका पिढीत मिळाले नाही.

स्थान व नाव

यॉर्कशायर वोल्ड्स या खडूच्या दगडाच्या डोंगराळ पट्ट्याच्या पश्चिम कडेला, एका अरुंद दरीच्या उतारावर व माथ्यावर हे गाव वसले होते. जवळचे बाजारपेठेचे गाव मॉल्टन असून ते वायव्येस सुमारे दहा किलोमीटरवर आहे. व्हॅरम-ल-स्ट्रीट हे शेजारचे खेडे मात्र आजही नांदते आहे. पूर्वी हा भाग यॉर्कशायरच्या ईस्ट रायडिंग विभागात मोडत असे. १९७४च्या पुनर्रचनेत तो नॉर्थ यॉर्कशायरमध्ये आला.

खडूच्या दगडात पाणी मुरून जाते, त्यामुळे वोल्ड्सच्या माथ्यावर पाण्याचे दुर्भिक्ष असते. व्हॅरमच्या दरीत मात्र झरे आहेत. गाव नेमके येथेच का वसले, याचे हे सर्वांत साधे कारण होय. 'व्हॅरम' या नावाचा संबंध कढई किंवा हंडा या अर्थाच्या प्राचीन शब्दाशी जोडला जातो. दरीच्या खोलगट आकारावरून ते पडले असावे. 'पर्सी' हा उत्तरपद म्हणून आलेला शब्द मध्ययुगात येथील जमीनदारी ज्या घराण्याकडे होती त्याचे नाव आहे.

प्राचीन वस्ती

गाव मध्ययुगीन म्हणून ओळखले जात असले तरी या जमिनीवरील मानवी वावर त्याहून बराच जुना आहे. लोहयुगाच्या उत्तरार्धात व त्यानंतर रोमन अमलाच्या काळात येथे व आसपास शेतवाड्या होत्या. त्यांच्या कुंपणांचे चर व बांध उत्खननात सापडले. मध्ययुगीन गावातील काही हद्दी या प्राचीन बांधांवरच बसलेल्या आहेत. मालक बदलले, भाषा बदलली, धर्म बदलला. बांध मात्र बऱ्याच ठिकाणी तेथेच राहिला.

इ.स.च्या आठव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन वस्तीचेही पुरावे मिळाले आहेत. त्यांत लोहाराची भट्टी, नाणी आणि कोरीव दगडी क्रुसाचा तुकडा यांचा समावेश होतो. पुढील काळातील स्कँडिनेव्हियन शैलीच्या पट्ट्याच्या धातूच्या वस्तू या भागावरील व्हायकिंग प्रभावाची साक्ष देतात. मात्र या काळातील घरे विखुरलेली होती. रांगेत आखलेले गाव अद्याप जन्मास यायचे होते.

मध्ययुगीन गाव

विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या 'डूम्सडे बुक' या जमीन-पाहणीत व्हॅरमची नोंद आहे. आज उंचवट्यांवरून ओळखू येणारी गावाची रचना दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी आखली गेली. तिच्या नेमक्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मधोमध गायरानासारखी मोकळी हिरवळ आणि तिच्या पश्चिम, पूर्व व उत्तर बाजूंना घरांच्या रांगा असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक कुटुंबाला रस्त्यालगत घर व अंगण असलेला एक तुकडा आणि त्यामागे परसाची लांब पट्टी मिळत असे. या तुकड्यांच्या रुंदीतील नियमितपणा पाहता ते गाव आपोआप वाढलेले नसून कोणीतरी मोजून आखलेले असावे, असे अनुमान निघते.

गावाच्या हद्दीतील बहुतेक जमीन लागवडीखाली होती. शेते मोठी व सामाईक असत, आणि त्यांत प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला ठिकठिकाणी विखुरलेल्या अरुंद पट्ट्या येत. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने नांगरल्याने अशा पट्ट्यांचे लाटांसारखे वरंबे तयार होतात. इंग्लंडच्या ग्रामीण भागात ते अनेक ठिकाणी अजूनही गवताखाली दिसतात.

बाराव्या-तेराव्या शतकांत गावात दोन जमीनदार घराणी होती, पर्सी व चेंबरलेन. म्हणून येथे जमीनदारांचे दोन वाडे आढळतात. तेराव्या शतकाच्या मध्यास चेंबरलेन घराण्याचा हिस्साही पर्सींकडे आला. दक्षिणेकडील वाड्याचा शोध योगायोगाने लागला. १९५०च्या दशकात एका शेतकऱ्याचे घर खणत असताना त्याखाली बाराव्या शतकातील घडीव दगडाचे तळघर निघाले. जेथे एके काळी धनी राहत होता, त्याच जागी पुढे कुळांची घरे उभी राहिली होती.

ऱ्हास व निर्मनुष्यता

व्हॅरम पर्सी १३४८-४९च्या प्लेगच्या महामारीत नष्ट झाले, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता व आजही लोकप्रिय लेखनात तो आढळतो. उपलब्ध पुरावा याला दुजोरा देत नाही.

गावाच्या अडचणी महामारीच्या आधीच सुरू झाल्या होत्या. १३२३च्या एका चौकशीत पडीक जमिनीचा व बंद पडलेल्या गिरण्यांचा उल्लेख येतो. त्याआधीच्याच वर्षी स्कॉटिश सैन्याने यॉर्कशायरमध्ये खोलवर धाडी घातल्या होत्या, आणि त्या दशकाच्या मागेपुढे दुष्काळ व गुरांच्या रोगाने उत्तर युरोप पोळला होता. महामारीने येथेही माणसे नेली. परंतु तिच्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १३६८ मध्ये, गावात सुमारे तीस घरे वसलेली होती. १४५८ मध्ये ही संख्या सोळावर आली. म्हणजे महामारीनंतरही गाव शंभराहून अधिक वर्षे जिवंत होते. ते हळूहळू रिकामे होत होते.

१४०३च्या सुमारास पर्सी घराण्याने हे गाव अदलाबदलीत हिल्टन घराण्यास दिले. पंधराव्या शतकात मजूर कमी, धान्याचा भाव मंद आणि लोकरीला मागणी अशी स्थिती होती. नांगरटीला अनेक हात लागतात. मेंढ्यांच्या कळपाला एक धनगर पुरतो. जमीनदारांना शेते मोडून कुरणे करणे परवडू लागले. या प्रवृत्तीची चौकशी करण्यासाठी १५१७ मध्ये सरकारने आयोग नेमला. त्याच्या नोंदींनुसार हिल्टन जमीनदाराने व्हॅरम पर्सी येथे चार घरे पाडली व चार नांगर बंद केले. गावातील शेवटच्या कुटुंबांची ही नोंद असल्याचे मानले जाते.

या नोंदीवरून, मेंढ्यांसाठी गावाला हुसकावून लावले गेले, असा निष्कर्ष आरंभी काढण्यात आला. तो अंशतः खरा आहे. परंतु तीस घरांची सोळा आणि सोळांची चार कशी झाली, याचे उत्तर एका हुकुमात मिळत नाही. इतिहासकार ख्रिस्तोफर डायर यांनी इंग्लंडमधील ओसाड गावांच्या अभ्यासातून एक मुद्दा मांडला. महामारीनंतर मनुष्यबळ दुर्मिळ झाल्याने कुळांना इतरत्र चांगली जमीन, सौम्य अटी व अधिक मजुरी मिळू लागली, आणि ते आपणहून गाव सोडू लागले. ज्या गावाला आधीच गळती लागली होती, तेथेच जमीनदाराला उरलेल्यांना काढणे सोपे गेले. व्हॅरम पर्सीच्या बाबतीत या दोन्ही प्रक्रिया एकामागून एक घडल्या, असे आता मानले जाते. कुळे गेली ती काही अंशी स्वेच्छेने. जी राहिली त्यांना मात्र स्वेच्छा उरली नव्हती.

उत्खनन

मॉरिस बेरेसफर्ड (१९२०-२००५) हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक १९४८ मध्ये लीड्स विद्यापीठात रुजू झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हॅरम पर्सीला प्रथम भेट दिली. इंग्लंडमध्ये ओसाड गावे फारशी नाहीत, असे त्या काळच्या मान्यवर इतिहासकारांचे मत होते. बेरेसफर्ड यांनी जुने नकाशे, करनोंदी आणि शेतांतील उंचवटे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा अशा गावांची संख्या मोठी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. हे उंचवटे खरोखरच घरांचे आहेत काय, हे पाहण्यासाठी १९५० मध्ये त्यांनी येथे खणायला सुरुवात केली. ते पुरातत्त्वाचे प्रशिक्षित अभ्यासक नव्हते, आणि आरंभीचे त्यांचे चर प्रामुख्याने भिंतींचा माग काढणारे होते.

१९५२ मध्ये जॉन हर्स्ट (१९२७-२००३) हे मध्ययुगीन मृद्भांड्यांचे जाणकार पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले. कागद वाचणारा इतिहासकार आणि माती वाचणारा पुरातत्त्वज्ञ यांची ही जोडी पुढे जवळजवळ चार दशके टिकली. त्याच वर्षी ओसाड मध्ययुगीन गावांच्या अभ्यासासाठी एका संशोधन गटाची स्थापना झाली. १९५४ मध्ये बेरेसफर्ड यांचा 'द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथील कामाचे सर्वांत दूरगामी योगदान पद्धतीचे आहे. शेतकऱ्यांच्या घरांचे अवशेष गवताखाली अगदी थोड्या खोलीवर होते. अरुंद चरांतून असे विस्कळीत दगड उमगत नाहीत. म्हणून डेन्मार्कमध्ये आक्सेल स्टेन्सबर्ग यांनी वापरलेल्या पद्धतीच्या धर्तीवर घराचा संपूर्ण परिसर एकाच वेळी उघडण्यात आला. प्रत्येक दगडाची जागा आराखड्यावर नोंदविल्यानंतरच पुढचा थर काढला जाई. ब्रिटनमधील विस्तृत-क्षेत्र उत्खननाच्या प्रसारात व्हॅरम पर्सीचा मोठा वाटा आहे.

काम दरवर्षी उन्हाळ्यात काही आठवडे चाले व ते मुख्यतः विद्यार्थी आणि हौशी स्वयंसेवकांच्या बळावर होई. १९९०च्या हंगामानंतर ते थांबविण्यात आले. उत्खननाचे अहवाल १९७९ ते २०१२ या काळात तेरा खंडांत प्रसिद्ध झाले. शेवटचा खंड प्रत्यक्ष खणणे थांबल्यानंतर बावीस वर्षांनी आला. तो पाहण्यास बेरेसफर्ड व हर्स्ट हयात नव्हते.

शेतकऱ्यांची घरे

गावात सुमारे चाळीस घरांच्या खुणा आढळतात. खणलेल्या घरांपैकी अनेक 'लाँगहाउस' प्रकारची, म्हणजे एकाच लांब छपराखाली एका टोकाला माणसे व दुसऱ्या टोकाला गुरे अशा रचनेची होती. मधल्या भागातील चूल जमिनीवर असे व धूर छपरातून बाहेर पडे.

घरांविषयीच्या मताने घेतलेले वळण या स्थळाच्या अभ्यासातील एक बोधप्रद प्रकरण आहे. एकाच जागेवर भिंतींचे अनेक थर, प्रत्येक थोड्या वेगळ्या दिशेने, असे आढळले. ठिसूळ खडूच्या दगडाच्या या भिंती छपराचा भार फार काळ पेलू शकल्या नसत्या. त्यामुळे ही घरे कच्ची झोपडीवजा होती व जवळजवळ प्रत्येक पिढीत नव्याने बांधावी लागत, असे हर्स्ट यांचे मत झाले. मध्ययुगीन शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे हे चित्र पाठ्यपुस्तकांतही पोहोचले.

१९८० च्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांच्या मते छप्पर भिंतींवर टेकलेलेच नव्हते. वाकड्या, जाड लाकडांच्या जोड्या जमिनीतून वर जाऊन आढ्यापाशी मिळत व संपूर्ण छप्पर त्या पेलत. अशा सांगाड्यात भिंत हा केवळ आडोसा असतो. भिंत पडली की ती पुन्हा रचावयाची. घर तेच राहते. म्हणजे भिंतींचे अनेक थर ही अनेक घरांची नव्हे, तर एकाच टिकाऊ घराच्या अनेक दुरुस्त्यांची खूण ठरते. लाकूड कुजून गेल्याने आणि दगड तेवढे उरल्याने भिंतींना अवास्तव महत्त्व मिळाले होते.

इतर पुरावाही या दुरुस्त मताशी जुळतो. घरांतील जमिनी मधोमध खोलगट झिजलेल्या आढळल्या. हे सतत झाडण्याचे लक्षण मानले जाते. घरात केरकचरा फारसा सापडत नाही, कारण तो शेणखताबरोबर शेतात जात असे. कुलपे व किल्ल्या मिळाल्या, म्हणजे कुलूप लावण्याजोगे काहीतरी घरात होते. समुद्री माशांची हाडे व बाहेरगावची मातीची भांडी यांवरून गावाचा बाजाराशी संबंध होता हे कळते. चात्या, सुऱ्या व धार लावण्याचे दगड हे रोजच्या कामाचे साक्षीदार आहेत.

सेंट मार्टिन चर्च

गावातील एकमेव उभी मध्ययुगीन वास्तू म्हणजे सेंट मार्टिन चर्च. १९६०-७०च्या दशकांत त्याचे आतून-बाहेरून उत्खनन झाले, आणि गावाची भरभराट व उतार या इमारतीच्या आकारातच लिहिलेले असल्याचे दिसून आले. प्रथम येथे दहाव्या शतकातील लहान लाकडी चर्च असावे. त्याची जागा लहान दगडी वास्तूने घेतली. बाराव्या व तेराव्या शतकांत ती वाढत गेली आणि मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंस जोडदालने आली. लोकसंख्या घटल्यावर ही जोडदालने पाडून त्यांच्या कमानी दगडांनी बुजविण्यात आल्या. पुढे पूर्वेकडील भागही आखूड झाला. बुजवलेल्या कमानींच्या रेषा भिंतींत आजही स्पष्ट दिसतात.

गाव उठल्यावरही चर्च चालू राहिले, कारण थिक्सेंडेल व आसपासच्या वाड्या याच पॅरिशमध्ये होत्या. तेथील लोक दरीतून चालत येत आणि आपले मृत येथेच पुरत. १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतंत्र चर्च झाल्यावर येथील वर्दळ ओसरली. विसाव्या शतकाच्या मध्यास वापर पूर्ण थांबला व १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला.

सांगाड्यांचा अभ्यास

चर्च व दफनभूमीतून ६८७ व्यक्तींचे सांगाडे मिळाले. त्यांपैकी बहुतेक मध्ययुगीन ग्रामस्थांचे आहेत. मध्ययुगीन ग्रामीण लोकसमूहाच्या अस्थींचा इतका मोठा संग्रह दुर्मिळ असल्याने त्यावर अनेक दशके संशोधन चालू आहे; त्यात सायमन मेज यांचे काम विशेष महत्त्वाचे आहे.

मुलांच्या वाढीविषयीचा निष्कर्ष सर्वाधिक उद्धृत होतो. दातांवरून वय व हाडांवरून उंची काढली असता येथील चौदा वर्षांचे मूल आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढे असल्याचे आढळले. पोषणाची ओढाताण व वारंवारची आजारपणे हे त्यामागील कारण असावे. दुसरीकडे, हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून मुलांना सुमारे दीड वर्षापर्यंत अंगावर पाजले जात असे दिसते, आणि अर्भकांची वाढ मात्र आजच्याशी तुलना करण्याजोगी होती. वाढ खुंटे ती आईचे दूध सुटल्यानंतर. काही सांगाड्यांत क्षयरोगाची चिन्हे आढळली. वृद्ध स्त्रियांच्या हाडांची झीज आजच्या स्त्रियांप्रमाणेच होती. कष्टाच्या जीवनाने ती टळली नव्हती.

एका सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या कवटीवर जबर घाव बसून हाड आत दबले होते. हाडाचे तुकडे काढून मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी कवटी शस्त्रक्रियेने उघडलेली होती आणि जखम भरून आली होती. हा मनुष्य इ.स. ९६० ते ११००च्या दरम्यान होऊन गेला. एका खेड्यातील सामान्य माणसावर असा उपचार झाला व तो जगला, ही बाब अभ्यासकांनाही अनपेक्षित होती.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा विषय वेगळा आहे. दफनभूमीत नव्हे, तर वस्तीतील खड्ड्यांत १३७ मानवी हाडे मिळाली होती. ती किमान दहा व्यक्तींची असून त्यांत दोन ते चार वर्षांच्या बालकापासून पन्नाशी ओलांडलेल्यांपर्यंत सर्व वयांची माणसे होती. हाडांवर सुरीचे वार, मोडतोड व जाळल्याच्या खुणा आहेत. पूर्वी ती रोमनकालीन समजली गेली होती; किरणोत्सर्गी कार्बनच्या कसोटीने ती अकराव्या ते चौदाव्या शतकांतील ठरली. दातांतील स्ट्रॉन्शियमवरून ही माणसे याच परिसरात वाढलेली होती, त्यामुळे परक्यांविषयीच्या वैराचा तर्क मागे पडला. नरमांसभक्षणात वार सांध्यांपाशी अपेक्षित असतात. येथे ते डोके व मान यांभोवती एकवटलेले आहेत. म्हणून मृतांनी थडग्यातून उठून जिवंतांना त्रास देऊ नये यासाठी प्रेते तोडून जाळली गेली असावीत, हे स्पष्टीकरण संशोधकांनी अधिक संभाव्य मानले. तत्कालीन इंग्रजी लेखनात अशा समजुतीचे उल्लेख आहेत.

नंतरचा काळ व सद्यःस्थिती

गाव उठल्यानंतर येथे दीर्घकाळ मेंढ्या चरत होत्या. अठराव्या शतकात शेतीसुधारणेच्या काळात येथे पुन्हा शेतवाडी उभी राहिली. १८५३ मध्ये मॉल्टन ते ड्रिफील्ड हा लोहमार्ग जवळून गेला. १९५० मध्ये त्यावरील प्रवासी वाहतूक व १९५८ मध्ये संपूर्ण मार्ग बंद झाला. गावठाणावर राहिलेल्या जुन्या घरांच्या ओळीचा उपयोग पुढे उत्खननकर्त्यांनी मुक्कामासाठी केला.

सध्या हे स्थळ 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेच्या देखरेखीखाली असून प्रवेश विनामूल्य आहे. गाडीतळापासून सुमारे सव्वा किलोमीटर पायवाटेने जावे लागते. सूर्य कलता असताना घरांच्या जागा व रस्ते सावल्यांमुळे अधिक स्पष्ट दिसतात.

महत्त्व

व्हॅरम पर्सी जतन झाले ते त्याच्या दुर्दैवामुळे. जे गाव नांदत राहते त्याच्या पांढरीत प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचा पाया उकरते. येथे मात्र कुरणाने सारे झाकून ठेवले. येथील अभ्यासाने मध्ययुगीन शेतकऱ्याविषयीचे दोन सोपे समज मोडले: तो एका महामारीच्या तडाख्यात नाहीसा झाला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या झोपडीत खितपत पडला होता. यांतला दुसरा समज या स्थळाच्याच पहिल्या निष्कर्षांनी दृढ केला होता आणि तो याच स्थळाच्या नोंदींनी दुरुस्त झाला. प्रत्येक दगडाची जागा लिहून ठेवण्याच्या आग्रहामुळेच हे शक्य झाले. जमीनदारांच्या दप्तरात या लोकांची नोंद किती घरे, किती नांगर एवढीच आहे. त्यांची चूल, त्यांचे आजार, त्यांची भीती व त्यांनी झाडून झिजविलेली जमीन यांची नोंद मातीने ठेवली.